लिब्रव्हिलच्या किनाऱ्यावर

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेतील ‘जोड्या लावा’ हा प्रश्न ज्यांनी सोडविला आहे, त्यांना झांबिया हा देश नावाने तरी आठवत असेल. डाव्या बाजूस देशांची नावे, उजव्या बाजूस खनिजे; आणि झांबियापासून निघालेली रेघ तांब्यापाशी जाऊन थांबावयाची. एक गुण मिळे आणि त्या देशाशी असलेला आपला संबंध संपे. मी मूळचा मराठीचा शिक्षक. परंतु भूगोलाचे शिक्षक रजेवर असले म्हणजे त्यांचा तास पुष्कळदा माझ्याकडे येई, आणि मीही कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना झांबियाविषयी याहून अधिक काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही असेल असे वाटलेच नव्हते.

अशाच एका बदली तासाला आठवीच्या वर्गात मी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा टांगून उभा होतो. मागच्या बाकावरील एका मुलाने हात वर केला. त्याचे पाठ्यपुस्तकाकडे फारसे लक्ष नसे, परंतु वर्तमानपत्राचे शेवटचे पान त्याला मुखोद्गत असे. तो म्हणाला, “सर, झांबियाचा अख्खा फुटबॉल संघ एकदा समुद्रात बुडाला होता ना? मग आता झांबिया म्हणून जो खेळतो, तो कोण?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही आणि उत्तरही आले नाही. घरी आल्यावर जे हाती लागले ते वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले, की मुलाचा प्रश्न फुटबॉलपुरता नाही. एखादी संस्था, एखादे घराणे, एखादा समाज आपल्या माणसांहून निराळा असा काही असतो काय, हाच तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी झांबियाच्या संघाचा इतिहास आरंभापासून पाहिला पाहिजे, आणि तो आरंभ पुन्हा तांब्यापाशीच होतो.

खाणीच्या तोंडाशी

ज्या प्रदेशाला आज आपण झांबिया म्हणतो तो इंग्रजी अमलात उत्तर ऱ्होडेशिया या नावाने ओळखला जाई. त्याच्या उत्तरेकडील सरहद्दीला लागून तांब्याच्या खाणींचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत तेथे मोठ्या प्रमाणावर खाणकाम सुरू झाले आणि किटवे, मुफुलिरा, लुआंश्या, चिंगोला अशी गावे पाहता पाहता उभी राहिली. खेड्यापाड्यांतून हजारो तरुण या गावांत कामाला आले. जमिनीखाली काम कष्टाचे आणि धोक्याचे. वर आल्यावर गोऱ्यांची वस्ती निराळी, काळ्यांची निराळी. कामही निराळे आणि मजुरीही निराळी. १९३५ आणि १९४० या वर्षी खाणकामगारांनी संप केले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि माणसे मेली.

अशा या गावांत सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळला जाई. एक चेंडू आणि मोकळे मैदान एवढेच भांडवल लागणारा हा खेळ कामगारांच्या वस्तीत न रुजता तरच नवल. पुढे खाणींनीच त्याला आश्रय दिला. खेळाडूला खाणीत नोकरी मिळे, मैदानाची निगा खाण राखी, संघाचा खर्चही बहुतेक तिच्याच तिजोरीतून होई. मुफुलिरा वाँडरर्स, लुआंश्याचा रोन युनायटेड, किटवेचा न्काना हे संघ असे खाणीच्या तोंडाशी वाढले. आपल्याकडे जसा एखादा गिरणगावचा कबड्डी संघ म्हणजे त्या आळीचा अभिमान, तसाच हा प्रकार. मुले अनवाणी खेळत, थोरल्यांचे पाहून शिकत, आणि त्यांतील एखादा खाणीच्या संघात गेला की सगळ्या वस्तीला आपणच निवडलो गेल्यासारखे वाटे.

२४ ऑक्टोबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला. योगायोग असा, की त्याच दिवशी टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांचा समारोप होता. उद्घाटनाच्या संचलनात जे खेळाडू उत्तर ऱ्होडेशियाचे म्हणून चालले होते, तेच समारोपाच्या दिवशी झांबियाचे म्हणून मैदानावर उतरले. एका स्पर्धेत देशाचे नाव बदलण्याचा हा प्रसंग दुर्मीळच म्हटला पाहिजे.

नव्या राष्ट्राचे पहिले अध्यक्ष केनेथ काउंडा हे पूर्वाश्रमीचे शिक्षक. तरुणपणी त्यांनी शाळेचे मुख्याध्यापकपदही सांभाळले होते. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. या गृहस्थांना फुटबॉलचे विलक्षण प्रेम. अनेक भाषांचे, अनेक जमातींचे लोक एका निशाणाखाली आणावयाचे होते, आणि सर्वांना एकाच वेळी आनंद किंवा दुःख वाटावे असे फुटबॉलच्या मैदानाहून दुसरे ठिकाण नाही हे त्यांनी ओळखले असावे. लोक राष्ट्रीय संघाला त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘केके इलेव्हन’ म्हणू लागले. पुढे १९९१ साली काउंडा निवडणुकीत पराभूत झाले आणि ते नावही मागे पडले. आता संघाला ‘चिपोलोपोलो’ म्हणतात. बेम्बा भाषेत त्याचा अर्थ बंदुकीची गोळी. आणि देश तांब्याचा, म्हणून ‘तांब्याच्या गोळ्या’ असाही अर्थ लोक लावतात.

नाव झाले ते दिवस

१९७४ साली इजिप्तमध्ये आफ्रिकी राष्ट्रचषकाची स्पर्धा भरली. झांबिया या स्पर्धेत प्रथमच आला होता आणि पहिल्याच खेपेस अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोचला. समोर शेजारचा झाईर. जादा वेळ संपता संपता झाईर एका गोलने पुढे होता, आणि अगदी अखेरच्या क्षणी ब्रायटन सिन्यांग्वे याने गोल करून २-२ अशी बरोबरी साधली. त्या काळच्या नियमाप्रमाणे दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळविण्यात आला आणि झाईरने तो २-० असा जिंकला. झाईरचे चारही गोल एकट्या न्दाये मुलाम्बा या खेळाडूचे. त्या स्पर्धेत त्याने एकूण ९ गोल केले. झांबियाला उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. पण खाणीच्या गावांतील ही मुले आफ्रिकेतील कोणापुढेही उभी राहू शकतात हे सिद्ध झाले.

त्यानंतर १९८२ आणि १९९० साली झांबियाला या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळाला. परंतु जगाचे लक्ष वेधले गेले ते १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये. १९ सप्टेंबरला झांबियाची गाठ इटलीशी पडली. इटली म्हणजे फुटबॉलमधील सरदार घराणे. त्या इटलीला झांबियाने ४-० असे हरविले. चारांपैकी तीन गोल मुफुलिरात वाढलेल्या कालुशा ब्वाल्या या तरुणाचे. पुढे उपांत्यपूर्व फेरीत पश्चिम जर्मनीने झांबियाचा तितक्याच गोलफरकाने पराभव केला, हेही सांगितले पाहिजे. तरी इटलीवरचा तो विजय कोणी विसरले नाही. त्या वर्षीचा आफ्रिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून कालुशाची निवड झाली. यथावकाश तो हॉलंडमधील पीएसव्ही या नामवंत संघाकडून खेळू लागला.

गोलरक्षक एफर्ड चबाला, मध्यरक्षक डर्बी माकिन्का असे सेऊलचे काही मोहरे, आणि त्यांच्या जोडीला नव्या दमाची मुले, असा १९९३ सालचा संघ जमून आला होता. प्रशिक्षक होते गॉडफ्री चितालू. स्वतः एकेकाळचे असामान्य आघाडीवीर, ज्यांच्या गोलांच्या कथा आजही तेथे सांगतात. त्यांचे साहाय्यक अ‍ॅलेक्स चोला हेही जुने नावाजलेले खेळाडू. १९९४ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेत व्हावयाची होती. झांबिया त्या स्पर्धेत कधीच गेला नव्हता. यंदा जाणार, असे लोक उघड बोलू लागले होते.

२७ एप्रिल १९९३

येथे पुन्हा तांब्याची गोष्ट काढणे भाग आहे. १९७४ नंतर जागतिक बाजारात तांब्याचा भाव घसरला. ज्या देशाचे सारे उत्पन्न एका धातूवर अवलंबून, त्याची अवस्था काय होणार! कर्ज वाढत गेले, खाणींची रया गेली, आणि फुटबॉलला मिळणारा आश्रयही आटला. फुटबॉल संघटनेपाशी परदेशी जाणाऱ्या विमानांच्या तिकिटांना पैसा नव्हता. म्हणून राष्ट्रीय संघ हवाईदलाच्या विमानाने सामन्यांना जाऊ लागला. ते विमान म्हणजे कॅनडात बनलेले ‘बफेलो’ जातीचे, दोन इंजिनांचे, सैनिकी मालवाहू विमान. लांबच्या प्रवासात इंधन घेण्यासाठी ते ठिकठिकाणी उतरे.

एप्रिलच्या अखेरीस संघ मॉरिशसला जाऊन तेथील सामना ३-० असा जिंकून आला. तिन्ही गोल केल्व्हिन मुताले या तरुणाचे. परत येतो न येतो तोच सेनेगलकडे निघावयाचे होते. डकार येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना होता. लुसाकाहून काँगोतील ब्राझाव्हिल, तेथून गॅबनची राजधानी लिब्रव्हिल, तेथून आयव्हरी कोस्टमधील आबिदजान आणि मग डकार, असा हा मार्ग. हे विमान त्यापूर्वी कित्येक महिने वापराविना उभे होते. पहिल्याच मुक्कामी, ब्राझाव्हिलला, इंजिनात दोष असल्याचे दिसून आले. तरी प्रवास पुढे चालू ठेवण्यात आला.

२७ एप्रिलच्या रात्री लिब्रव्हिलहून विमान उडाले. काही मिनिटांतच डावे इंजिन पेटले आणि बंद पडले. त्या क्षणी वैमानिकाने चालू असलेले उजवे इंजिन बंद केले. दोन्ही इंजिने थांबली आणि विमान किनाऱ्यापासून सुमारे ५०० मीटर अंतरावर समुद्रात कोसळले. आत ३० माणसे होती. १८ खेळाडू, दोन्ही प्रशिक्षक, संघटनेचे अध्यक्ष, इतर सोबती आणि विमानाचे कर्मचारी. एकही वाचला नाही.

गॅबन सरकारचा चौकशी अहवाल बाहेर आला तो २००३ साली, म्हणजे दहा वर्षांनी. इशारा देणारा दिवा सदोष असल्याने वैमानिकाची दिशाभूल झाली, आणि मॉरिशसहून संघाला आणणारा वैमानिकही तोच असल्यामुळे तो थकलेला होता, असे त्याचे सार आहे. हे वाचताना मन अस्वस्थ होते. दैवाचा घाला म्हणून हात झटकावेत अशी ही घटना नव्हे. जुने विमान, दिसलेला आणि दुर्लक्षिलेला दोष, विश्रांती न मिळालेला माणूस, आणि या सर्वांच्या मुळाशी रिकामी तिजोरी. देशाची शोभा म्हणून ज्यांना मिरवावयाचे, त्यांना देशाने कशातून पाठविले, हा प्रश्न मृतांच्या कुटुंबीयांनी पुढे वर्षानुवर्षे विचारला आणि तो अयोग्य होता असे कोण म्हणेल?

मे महिन्याच्या आरंभी शवपेटिका लुसाकाच्या इंडिपेंडन्स स्टेडियममध्ये आणण्यात आल्या. ज्या मैदानावर हे खेळाडू खेळले तेथेच लोकांनी त्यांचे अखेरचे दर्शन घेतले. मैदानाला लागूनच त्यांचे दफन झाले. त्या जागेला ‘हीरोज एकर’, म्हणजे वीरांची भूमी म्हणतात.

मागे राहिलेले

सगळा संघ गेला असे आपण म्हणतो. ते अक्षरशः खरे नाही. युरोपातील संघांकडून खेळणारे काही जण त्या विमानात नव्हते. कालुशा ब्वाल्या हॉलंडमध्ये होता. तो तेथून परस्पर डकारला जाऊन सोबत्यांना मिळणार होता. त्याला ही वार्ता दूरध्वनीवरून कळली. चार्ल्स मुसोंडा बेल्जियममध्ये होता आणि दुखापतीमुळे खेळू शकत नव्हता. जॉन्सन ब्वाल्या स्वित्झर्लंडमध्ये होता. मृत्यूने ज्यांना वगळले त्यांच्यावर केवढे ओझे पडते याची कल्पना, ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे त्यांनाच येईल. आपण का राहिलो, हा प्रश्न एकीकडे; आणि राहिलो आहोत तर आता काय करावयाचे, हा दुसरीकडे.

त्या वेळी झांबियाने स्पर्धेतून अंग काढून घेतले असते, तरी कोणी बोल लावला नसता. परंतु संघ पुन्हा उभा करावयाचा असे ठरले. देशातील मैदानांवरून नवी मुले निवडण्यात आली. डेन्मार्कने त्यांना आपल्याकडे बोलावून काही आठवडे सरावाची सोय करून दिली. पुढे स्कॉटलंडचे इयन पोर्टरफील्ड हे प्रशिक्षक झाले. आणि कालुशा कर्णधार. ज्यांची नावे काल कोणाला ठाऊक नव्हती अशा मुलांना घेऊन तो मैदानात उतरला.

४ जुलै १९९३ रोजी, म्हणजे अपघातानंतर दहा आठवड्यांच्या आत, लुसाका येथे मोरोक्कोशी सामना झाला. शेजारीच त्या नव्या कबरी. मोरोक्कोने आधी गोल केला. मैदानावर जमलेल्या लोकांच्या मनात काय आले असेल! मग कालुशाने फ्री किकवर गोल केला आणि जॉन्सन ब्वाल्याने दुसरा. झांबिया २-१ असा जिंकला. विमानात नसलेल्या दोघांनी त्या दिवशी देशाला पुन्हा श्वास घ्यावयास लावले.

डकारचा जो सामना खेळण्यासाठी पहिला संघ निघाला होता, तोही या नव्या संघाने जाऊन खेळला आणि बरोबरीत सोडविला. लुसाकात सेनेगलला ४-० असे हरविले. अखेरचा सामना ऑक्टोबरमध्ये कासाब्लांका येथे मोरोक्कोशी. बरोबरी झाली असती तरी झांबिया विश्वचषकाला गेला असता. मोरोक्कोने १-० असा विजय मिळविला. एका गुणाने संधी हुकली.

तरीही एप्रिल १९९४ मध्ये, अपघाताला एक वर्ष पुरे होण्याच्या आत, हाच संघ ट्युनिशियातील आफ्रिकी राष्ट्रचषकाच्या अंतिम सामन्यात उभा होता. उपांत्य सामन्यात मालीला त्याने ४-० असे नमविले होते. १० एप्रिलला नायजेरियाविरुद्ध एलायजा लिताना याने सामन्याच्या आरंभीच गोल केला. परंतु नायजेरियाच्या इमॅन्युएल अमुनिके याने दोन गोल करून चषक नेला. दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत झांबिया तिसरा आला आणि कालुशाने त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल केले.

ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांना येथे पानिपत आठवल्यावाचून राहणार नाही. खेळाची आणि रणाची तुलना एका मर्यादेपलीकडे करू नये, हे मी जाणतो. पण १७६१ साली एका दिवसात एक पिढी कापली गेली आणि १७७१ साली मराठी फौजा पुन्हा दिल्लीत पोचल्या, त्यांत पानिपतावरून जखमी होऊन परतलेले महादजी शिंदे होते, हे आपण मुलांना अभिमानाने शिकवितो. जे परतले त्यांनी गेलेल्यांचे काम अंगावर घेतले, म्हणून ‘मराठी फौज’ हा शब्द जिवंत राहिला. झांबियात घडले ते याच जातीचे होते.

पुन्हा त्याच गावी

यानंतरची वर्षे मात्र उतरतीची. कालुशाची पिढी थकली. तो पुढे खेळाडूचा प्रशिक्षक झाला आणि नंतर देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष. चषक मात्र एकदाही देशात आला नव्हता.

२०१२ च्या आफ्रिकी राष्ट्रचषकाचे यजमानपद गॅबन आणि इक्वेटोरियल गिनी या दोन देशांकडे मिळून होते. अंतिम सामना व्हावयाचा होता लिब्रव्हिल येथे. झांबियाचे प्राथमिक सामने आणि त्यापुढचेही अंतिम सामन्यापूर्वीचे सर्व सामने इक्वेटोरियल गिनीत होते. याचा अर्थ असा, की लिब्रव्हिलला जावयाचे तर झांबियाला एकच वाट होती; अंतिम सामन्यापर्यंत पोचण्याची. आणि तशी अपेक्षा जाणकारांपैकी फारच थोड्यांची होती. संघातील बहुतेक खेळाडू झांबियात, शेजारच्या काँगोत किंवा दक्षिण आफ्रिकेत खेळणारे. युरोपातील झगमगाटात वावरणारे जवळजवळ कोणी नाही. प्रशिक्षक फ्रान्सचे अर्वे रनार, कर्णधार क्रिस्टोफर कटोंगो.

पहिल्याच सामन्यात त्यांनी सेनेगलला २-१ असे हरविले. लिबियाशी बरोबरी केली, यजमान इक्वेटोरियल गिनीला हरविले, सुदानवर ३-० असा विजय मिळविला. उपांत्य सामन्यात घानासारखा बलाढ्य संघ. त्याची पेनल्टी किक गोलरक्षक केनेडी म्वीने याने अडविली आणि इमॅन्युएल मायुका याने एकमेव गोल केला. संघ लिब्रव्हिलला आला.

अंतिम सामन्यापूर्वी खेळाडू समुद्रकिनारी गेले. कालुशाही त्यांच्याबरोबर होता. ज्या पाण्यात त्याचे सोबती गेले त्या पाण्यात सर्वांनी फुले वाहिली. या खेळाडूंपैकी पुष्कळ जण अपघाताच्या वेळी चार-सहा वर्षांची पोरे होती. ज्यांच्यासाठी ते फुले वाहत होते त्यांना त्यांनी खेळताना क्वचितच पाहिले असेल. परंतु प्रत्येकाने त्यांची नावे लहानपणापासून ऐकली होती. आपल्याकडे न पाहिलेल्या पणजोबांच्या नावाने आपण पितृपक्षात पान वाढतोच की!

१२ फेब्रुवारी २०१२. समोर आयव्हरी कोस्ट. नामांकित खेळाडूंनी भरलेला आणि त्या स्पर्धेत तोवर एकही गोल होऊ न दिलेला संघ. आरंभीच झांबियाचा जोसेफ मुसोंडा जखमी होऊन बाहेर गेला. सत्तराव्या मिनिटाला आयव्हरी कोस्टला पेनल्टी किक मिळाली. ती मारावयास दिदिए द्रोग्बा पुढे आला. त्या काळी या कामात त्याच्याइतका विश्वासाचा माणूस विरळा. त्याने मारलेला चेंडू गोलच्या दांडीवरून निघून गेला. वेळ संपली, जादा वेळही संपली. गोल कोणाचाच नाही.

मग पेनल्टी किक्स. एकामागून एक खेळाडू येत होते आणि गोल होत होते. झांबियाचा गोलरक्षक म्वीने यानेही येऊन एक किक मारली आणि गोल केला. दोन्ही बाजूंचे सात-सात गोल झाल्यावर आयव्हरी कोस्टच्या कोलो तूरे याची किक म्वीनेने अडविली. आता एक गोल म्हणजे चषक. झांबियाच्या रेनफर्ड कलाबा याने मारलेला चेंडू वरून गेला. हातातोंडाशी आलेला घास गेला असे वाटले. त्यानंतर आयव्हरी कोस्टचा जेर्व्हिन्यो चुकला. आणि मग स्टोपिला सुन्झू नावाचा तरुण बचावपटू पुढे आला. मध्यरेषेजवळ उभे असलेले त्याचे सोबती एकमेकांना धरून गात होते. सुन्झूने गोल केला. ८-७.

रनार यांनी जखमी मुसोंडाला उचलून घेतले आणि जल्लोष करणाऱ्या सोबत्यांपाशी आपल्या हातांवरून नेले. ते दृश्य पुष्कळांच्या स्मरणात आहे. ज्या गावाच्या समुद्राने एक संघ नेला, त्याच गावी एकोणीस वर्षांनी देशाच्या हाती पहिला चषक आला.

त्या मुलाचे उत्तर

कथा-कादंबरीत येथे समाप्ती होते. इतिहासात होत नाही. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, चषक राखावयास गेलेला झांबिया प्राथमिक फेरीतच बाद झाला. २०१५ नंतर तर सलग तीन स्पर्धांसाठी त्याला पात्रही होता आले नाही. जानेवारी २०२४ मध्ये भरलेल्या स्पर्धेत तो पुन्हा दिसला. चितालूंच्या संघाने ज्याचे स्वप्न पाहिले तो पुरुषांचा विश्वचषक झांबियापासून अद्याप दूरच राहिला आहे. महिलांचा संघ मात्र २०२३ साली आपल्या विश्वचषक स्पर्धेत खेळून आला. लुसाकात जुन्या स्टेडियमशेजारी नवे मैदान उभे राहिले, त्याला १९९३ च्या त्या खेळाडूंच्या स्मरणार्थ ‘नॅशनल हीरोज स्टेडियम’ असे नाव दिले आहे. नव्या मुलांना खेळावयास जाताना त्या कबरींच्या शेजारून जावे लागते.

यातून दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटतात. पहिली कटू आहे. विजयाने दोष धुतला जात नाही. २०१२ चा चषक कितीही सुंदर असला, तरी त्या रात्रीच्या विमानातील दोष त्यामुळे नाहीसा होत नाही. शाळेची सहल काढणाऱ्या माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला हे विशेष जाणवते. दुसऱ्यांची मुले आपण वाहनात बसवितो, तेव्हा पैसे कमी होते ही सबब पुढे कामाची नसते. गाडीचा चालक रात्री झोपला होता काय, हे विचारावयास पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आता खेळतो तो कोण? मला वाटते, संघ म्हणजे अंगात सदरा घातलेली अकरा माणसे नव्हेत. ती येतात आणि जातात. संघ म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेले काम. ज्यांनी खाणीच्या धुळीत खेळ रुजविला, ज्यांनी १९७४ साली अखेरच्या क्षणी बरोबरी साधली, ज्यांनी इटलीला हरविले, जे समुद्रात गेले, जे मागे राहून उभे राहिले, आणि ज्यांनी फुले वाहून मग चषक उचलला, ते सारे एकच काम करीत होते. ते काम अंगावर घेणारा कोणी आहे तोवर संघ आहे. ज्या दिवशी कोणी पुढे येणार नाही त्या दिवशी, माणसे जिवंत असली तरी, तो संपला असे समजावे. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे. आपली वाचनालये, आपले गणेशोत्सव, आपल्या शाळा यांच्यापुढेही वेगळा प्रश्न नाही.

भूगोलाचे शिक्षक पुन्हा रजेवर गेले, तेव्हा मी आठवीच्या वर्गावर गेलो आणि ही सारी हकीकत सांगितली. तास संपला, घंटा झाली, तरी मुले उठली नाहीत. मागच्या बाकावरील त्या मुलाने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “सर, परीक्षेत हे लिहिले तर गुण मिळतील का?”

मी म्हणालो, “प्रश्नपत्रिकेत तांबेच लिही. बाकीचे लक्षात ठेव.”